मुरारीभावजींचं वांगं

आमच्या शेजारचे मुरारीभावजी माणूस सोन्यासारखा, पण हात स्वस्थ बसतील तर शपथ! पिंपरीतल्या एका कंपनीत वेल्डर. दिवसभर गाड्यांच्या तळाला पत्रे जोडायचे आणि घरी आल्यावर जे दिसेल ते जोडायचं. सगुणाच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या तव्याला त्यांनी अशी भक्कम दांडी बसवली की ती बिचारी तवा दोन्ही हातांनी उचलायची. वर विचारायचे, "कसा झालाय?"

अठ्ठ्याहत्तर साल असेल. त्या वर्षी जयंतीच्या मिरवणुकीला त्यांच्या आईला, गिरजाबाईंना, चालवेना. गुडघे गेलेले. म्हातारी नाक्यावर काठी टेकून उभी राहिली आणि घरी येऊन म्हणाली, "बाबासाहेबांचा फोटो न्हाई दिसला रं. मान्सांच्या पाठीच दिसल्या नुसत्या."

झालं! भावजींच्या मनाला ते लागलं. वस्तीच्या बैठकीत उठून त्यांनी जाहीर केलं, "पुढच्या जयंतीला फोटो मोटारीवर निघंल, आन् माझी आई त्या मोटारीत बसंल." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोटार कुठाय, हे कुणी विचारलंच नाही.

मोटार सापडली चाकणला. गेनबा नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यामागं जुन्या ऑस्टिनचा सांगाडा पडला होता आणि त्यात कोंबड्या नांदत होत्या. भावजींनी कोंबड्यांना लोखंडी खुराडं करून दिलं आणि सांगाडा घेऊन आले. वर बैलगाडीची दोन जुनी चाकंही मागून आणली.

"आणि इंजिन?" मी विचारलं.

"इंजिन कशाला, वहिनी? ढकलायला अख्खी वस्ती हाय की!"

गाडीचा तळ गंजून चाळण झालेला. भावजी खाली उताणे झोपून वेल्डिंग करायला लागले, तर ठिणग्या सगळ्या गळ्यात. बनियनची पार जाळी झाली. मग त्यांनी काय करावं? गाडीच्या पुढं एक आणि मागं एक असे दोन लोखंडी घोडे उभे केले, त्यांवर ती बैलगाडीची चाकं बसवली आणि मधे सांगाडा अडकवला. चाक फिरवलं की गाडी कुशीवर. अजून फिरवलं की पालथी. भरतासाठी वांगं भाजताना आपण कसं फिरवतो, अगदी तसंच. त्या दिवसापासून गल्लीत गाडीचं नाव वांगं पडलं ते पडलंच.

माझा जीव मात्र जळायचा, कारण एक घोडा नेमका माझ्या वाळत घालायच्या दोरीखाली. धुतलेली पातळं गंजाच्या भुग्यानं लाल! मी ओरडायची, "भावजी, हे वांगं एकदाचं उतरवा, नाहीतर मीच भरीत करते त्याचं!" ते हसायचे आणि गाडी उलटी करून कामाला लागायचे. त्यांच्या आईला तर रोजचा तमाशाच होता. ओट्यावर बसून ती बजावायची, "मी बसल्यावर नको रं फिरवू."

तळ मात्र असा झाला की बघत राहावं. दारांखालच्या कुजलेल्या पट्ट्या कापून नव्या घातल्या, वर निळा रंग दिला. जयंतीच्या आदल्या दिवशी गाडी खाली उतरवून भंगारातून आणलेल्या मोटारीच्या चाकांवर ठेवली. भावजींनी ऐटीत दार लावलं.

लागेना. दुसरंही लागेना.

आमचे हे, भिमाजी, त्याच कंपनीत. त्यांनी वाकून पाहिलं. "मुरारी, पट्ट्या कापल्यास तेव्हा आत आडवा टेकू दिला होतास का?"

"टेकू? कंपनीत कुठं देतो आपण?"

"अरे, कंपनीत साचाच सगळं धरून ठेवतो! तुझी गाडी दोन टोकांना टांगलेली. मधेच वाकली ती."

भावजी मटकन खाली बसले. इतकी वर्षं तळच जोडत आलेला माणूस. दारं पुढच्या लाइनवरचे लोक बसवतात. दारांचा विचार त्यांच्या डोक्यात कधी आलाच नव्हता. एरवी मी चांगलं तोंडसुख घेतलं असतं, पण त्यांचा चेहरा बघून मी चहा टाकायला आत गेले.

सकाळी फोटो टपावर बांधला, हार घातले. आत लाकडी बाक, त्यावर सगुणानं गोधडी अंथरली. आई पांढरं पातळ नेसून तयार. आणि भावजी मान खाली घालून म्हणाले, "आई, तू राहू दे. दारं लागत न्हाईत. पडशील."

मला इतकं वाईट वाटलं! सगळं ज्याच्यासाठी केलं तेच राहत होतं.

आईनं काठी माझ्या हातात दिली. "गावात आमच्या तोंडावर दारं लावलेली लई पाह्यली मी. न लागणारं दार आजच बघतीया. ऱ्हाऊ दे उघडं." आणि चढून बसली सुद्धा.

मग मी माझी वाळत घालायची दोरी सोडली आणि गाडीच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या उंचीवर आडवी बांधून टाकली. "भावजी, हा घ्या तुमचा टेकू. उशिरा का होईना." तेव्हा कुठं ते हसले. डोळे पुसत हसले, मी पाहिलं.

पोरांनी गाडी ढकलली. ढोल, घोषणा, निळा गुलाल. आई दोन्ही बाजूंना हात जोडत चाललेली. नाक्यावर आलो तशी ती ओरडली, "थांबा रं, थांबा!" गेल्या वर्षी ती जिथं उभी होती, तिथंच आमच्या वस्तीतली ठकुबाई काठी टेकून, टाचा उंचावून बघत होती.

"ये गं ठकू," आई म्हणाली, "दार उघडंच हाय."

मला पुन्हा दोरी सोडावी लागली.