ढगांच्या दारापलीकडचा शास्त्रज्ञ

मुलगी तेव्हा नववीत होती. क्लासहून आली की दप्तर कॉटवर टाकायची आणि टीव्हीवर ती जपानी मालिका लावायची, हिंदीत डब केलेली. मी कार्टून म्हटलं की चिडायची.

"मम्मी, ॲनिमे म्हण."

वाऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या एका शास्त्रज्ञाला ढगांमध्ये दार सापडतं. त्यातून तो पलीकडच्या राज्यात जातो आणि परत येत नाही. त्याची मुलगी पंखवाल्या कोल्ह्याला घेऊन त्याला शोधत फिरते. ती जिथे पोचते, तिथून तो नुकताच निघून गेलेला असतो. कुठे त्याचा चष्मा सापडतो, कुठे अर्धा प्यायलेला चहा. बाप काही दिसत नाही.

आमच्या घरातला शास्त्रज्ञही असाच गेला होता. हे केळीवरच्या रोगांवर काम करायचे. जळगावजवळच्या एका प्रयोगशाळेत नोकरी होती, पण निम्मे दिवस रावेरकडच्या बागांमध्येच जायचे. आफ्रिकेतल्या एका प्रकल्पावर बोलावणं आलं तेव्हा आम्ही पेढे वाटले. सुरुवातीला रोज फोन यायचा. पुढे तो आठवड्याने येऊ लागला, मग सणासुदीला. एका दिवाळीला आलाच नाही. लावला तर नंबर बंद. मी तिकडच्या संस्थेला मेल केली. उत्तर आलं, त्यांची मुदत संपली, ते आता आमच्याकडे नाहीत.

मी पोलीस ठाण्यात गेले. हवालदारानं विचारलं, "भांडण झालं होतं का ताई?" नव्हतं झालं. झालं असतं तर बरं झालं असतं, असं तिथल्या बाकावर बसून वाटलं. निदान काहीतरी सांगता आलं असतं.

शाळेत मी बालवाडीच्या पोरांना गाणी म्हणून दाखवायची आणि मधल्या सुट्टीत बाथरूममध्ये जाऊन तोंडात पदराचा बोळा धरून रडायची. हे मेले असतील, हा विचार दिवसातून कितीदा यायचा. मुलगी मात्र शांत होती. तिचा हिशेब त्या मालिकेवर पक्का झाला होता.

"पप्पा अडकले असतील. कुणीतरी अडवून ठेवलं असेल त्यांना. नाहीतर आले असते."

हळूहळू मीही तिच्या शेजारी बसायला लागले. कणीक मळायची परात मांडीवर घेऊन बघायची. तो शास्त्रज्ञ कैदेत निघावा, त्याच्या पायात बेड्या असाव्यात, असं मला मनापासून वाटायचं. शिकलेली बाई मी, आणि चित्रातल्या माणसाला बेड्या पडाव्यात म्हणून देवाला हात जोडत होते.

एका भागात ती मुलगी एका म्हाताऱ्या नावाड्याच्या झोपडीत राहते. तो तिला जेवू घालतो, पांघरूण देतो, सगळं विचारतो. बापाचं तेवढं विचारत नाही. निघताना तिच्या ते लक्षात येतं. हा विचारत नाही, कारण याला माहीत आहे.

माझ्या मुलीनं टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "मम्मी, आबा कधी विचारतच नाहीत गं. पप्पांचं काही कळलं का, असं एकदाही विचारलं नाही त्यांनी."

माझे सासरे दोंडाईच्याला राहतात. दर दोन-चार दिवसांनी त्यांचा फोन यायचा. अभ्यास, तब्येत, गॅस सिलिंडर मिळालं का, सगळं विचारायचे. आणि खरंच, त्यांच्या मुलाबद्दल एक शब्द नाही. मला वाटायचं, म्हाताऱ्याला दुःख सहन होत नसेल.

त्या रविवारी आम्ही सकाळची गाडी धरली. न सांगता गेलो. आबा ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. आम्हाला पाहून त्यांचा हात थांबला. सासूबाई आतून आल्या आणि भिंतीला टेकून तिथेच उभ्या राहिल्या.

"आबा," मुलगी म्हणाली, "पप्पा कुठे आहेत?"

त्यांनी खोटं बोलायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. "तठेच शे, बेटा. चांगला शे. दर रविवारे फोन येस त्याना." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमले सांगानं नही, आसं बोलना तो. मी काय करू? मना पोऱ्या शे ना."

मी ओट्याच्या पायरीवर बसले. हे जिवंत होते, तिथेच आफ्रिकेत होते, याचा आनंद मला व्हायला हवा होता. मी मात्र आम्हाला सांगू नका म्हणून दर रविवारी इथे केलेले त्यांचे फोन मोजत बसले.

दुपारी फोन वाजला. आबांनी तो नातीच्या हातात दिला. तिनं स्पीकर लावला आणि घाईघाईनं विचारलं, "पप्पा, तुम्हाला कुणी अडवून ठेवलंय का?"

पलीकडून यांचा तो ओळखीचा, समजूतदार सूर, शेतकऱ्यांना रोग समजावून सांगायचे तसा. "नाही बेटा. अडवलं नाही कुणी. इथं माझं काम आहे, माझं इथं बरं चाललंय. तू मोठी झालीस की कळेल तुला."

"यायचं असेल तर येऊ शकता?"

"तसं येऊ शकतो. पण..."

तिनं पुढचं ऐकलं नाही. फोन माझ्या हातात ठेवून ती आत गेली. पलीकडून हे म्हणाले, "आबा, त्यांना कशाला बोलावलं तुम्ही?" मी फोन ओट्यावर उलटा ठेवला.

परतीच्या गाडीत मुलगी खिडकीला डोकं लावून बसली होती. नरडाणा स्टेशन गेल्यावर म्हणाली, "अडकलेले असते ना मम्मी, तर मी गेले असते त्यांना आणायला. कुठेही गेले असते." मी तिला जवळ घेतलं. तिचं अंग लाकडासारखं ताठ होतं.

आता दर रविवारी यांचा फोन माझ्याकडेही येतो. आबांनीच बजावलं असणार. फोन वाजला की मुलगी उठून गॅलरीत जाते. हे तिच्या मार्कांची चौकशी करतात, दहावीला कोणता क्लास लावला विचारतात. मी सांगते, ती अंघोळीला गेली आहे. दर वेळी हेच सांगते. हेही कधी, बरं मग थांबतो, असं म्हणत नाहीत. पुढच्या रविवारी फोन वाजतो आणि मी तो उचलते. का उचलते, ते मला सांगता येत नाही.