नांगरांचं निळं हिमरू

महायुद्धाच्या त्या वर्षांत आरमाराची खरी काळजी अख्ख्या निजामी मुलखात एकाच माणसाला होती, आणि ते म्हणजे आमच्या शेजारचे हिमरू विणणारे चाचा. समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता. औरंगाबादेतून फार लांब गेले ते दौलताबादेपर्यंत. पण विलायतेत एक नवी विनाशिका बांधत होते, छावणीतल्या एका गोऱ्या साहेबाचा भाऊ त्या जहाजावर जाणार होता, आणि तिथल्या जेवणघराचा पडदा साहेबानं चाचांकडे विणायला दिला : निळ्यावर पांढरे, जहाजाचे नांगर. त्या दिवसापासून जहाज चाचांचं झालं. रोज माझ्याकडून वर्तमानपत्र वाचून घ्यायचे आणि त्यात जहाजाचं नाव नसलं की माझ्यावरच रुसायचे. लाटांवर पडदा कसा हलेल हे कळावं म्हणून नमुन्याचा तुकडा त्यांनी आमच्या झोपाळ्याला बांधला आणि मला तासभर झोके घ्यायला लावले. मला गरगरलं तेव्हा म्हणाले, "म्हणजे बराबर हाय."

युद्ध संपलं. एक दिवस साहेब सांगून गेला की जहाज अर्धवटच होतं, आता गरज नाही म्हणून रद्द झालं, भंगारात काढणार. पडदाही राहू द्या. मागावर तेव्हा अर्धा पडदा होता. महिन्यावर चाचांच्या मुलीचा निकाह होता, मुलगा सिल्लोडचा. चाचांच्या घरात मुलगी बापानं विणलेली लाल शाल डोक्यावर घेऊनच सासरी जायची. माग एकच, आणि हिमरू दिवसाला चार बोटं सरकतं. मी सरळ सांगितलं, निळं कापा आणि लाल ताणा चढवा.

"भाभी, मागावरचं कापड अर्ध्यात कापत नसतात," चाचा म्हणाले. "त्यांनी जहाज सोडलं. मी बी सोडू?"

पाच दिवस ते मागापुढं नुसते बसून राहिले. सहाव्या दिवशी मुलीनंच त्यांच्यापुढं चहा ठेवला आणि म्हणाली, "अब्बा, निळंच पुरं करा. मी तेच घेते."

"नांगर डोक्यावर घिऊन जाशील? सासरचे हसतील."

"हसू द्या. लाल तर बाजारात लई मिळतं."

निकाहाच्या आदल्या दुपारी शेवटचा धागा पडला. पडदाच तो, जड होता. पुरं झालेलं कापायला चाचांची ना नव्हती; मी मधोमध कापून किनार दुमडून दिली. निळी नवरी पाहून बायका कुजबुजल्या. मुलगी मान ताठ ठेवून टांग्यात चढली. टांगा वळला तरी चाचा उभेच होते. एव्हाना विलायतेत ते जहाज मोडलंही असेल. त्याचं पुरं झालं ते एवढंच, आणि ते सिल्लोडच्या रस्त्याला लागलं होतं.