गिरजाबाईची खरी तारीख

जुईनगरला आमच्या समोरच्या दारात गिरजाबाई राहायची. साताऱ्याकडची, अंगाने काटक, जिभेने तिखट. तिचा नवरा धर्मराज दिघ्याच्या एका कारखान्यात फिटर होता. नव्वदनंतरची गोष्ट. कारखान्यात जर्मन मशीन आलं, ते शिकायला काही जणांना जर्मनीला पाठवायचं ठरलं, आणि कामगारांना भाषा शिकवायला वाशीहून श्रुती मॅडम यायला लागल्या. तिथून गिरजाबाईच्या घरात शनी शिरला.

संध्याकाळचा चहा झाला की धर्मराज स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरपुढे उभा. ते कॅलेंडर खरं तर गिरजाबाईचं. दुधाचे खाडे, गॅस लावलेला दिवस, संकष्टी, सगळं त्यावर. आता हा त्यावर बोट फिरवत म्हणायचा, "डेर एर्स्टे, डेर त्स्वायटे, डेर ड्रिटे." मग आम्हालाच समजवायचा, "आपन एक तारीख, दोन तारीख म्हनतो. त्ये पहिला, दुसरा, तिसरा म्हनत्यात. मॅडम म्हनाल्या." या मॅडमशिवाय त्याला घास उतरेना.

गिरजाबाई मला म्हणायची, "वहिनी, लग्नाला येवढी वर्सं झाली, माजा एक शबूद ह्येंनी असा घोकला न्हाई." मला हसू यायचं, पण तिचा खरंच जळफळाट व्हायचा. न पाहिलेल्या बाईची साडी, केस, वय, सगळं तिने मनाशी रंगवून ठेवलं होतं. भांडी तर अशी आदळायची, की आज क्लास होता हे आम्हाला घरबसल्या कळायचं.

एकदा मी तिच्याकडे मेथी निवडत बसले होते, तेवढ्यात धर्मराज ओशाळं हसत आला. मॅडमनी प्रत्येकाला स्वतःची आणि बायकोची जन्मतारीख जर्मनमधून सांगायला लावली होती. गावाकडच्या झाडून सगळ्यांनी दोन्हीला ठोकून दिलं, एक जून! शाळेत नाव घालताना मास्तरांनी लावलेली तारीख ती.

"मॅडम हसल्या," तो म्हणाला. "म्हनाल्या, ही शाळंची झाली, घरी जाऊन खरी इचारा." मग जरा घुटमळला. "गिरजे, तू जल्मलीस कवा?"

गिरजाबाईचे हात परातीतल्या कणकेत तसेच राहिले. "मॅडमला पायजे व्हय? तुमाला नगं?"

डोळे भरले होते तिचे. जन्मात पहिल्यांदा कुणी तिला हे विचारत होतं, आणि ते त्या बाईने विचारायला लावलं म्हणून. सुख आणि संताप एकदमच झाला तिला. कणकेवर मूठ दाबत म्हणाली, "आई सांगायची, नागपंचमीच्या दुसऱ्या दिशी. झाडाचा झोका अजून सोडला नव्हता."

धर्मराजने कॅलेंडरची पानं उलटली, यंदाची नागपंचमी शोधली आणि पुढच्या चौकटीवर बोट ठेवलं. "अम त्स्वायटेन आउगुस्ट."

"पुन्यांदा म्हना."

तो पुन्हा म्हणाला. त्या रात्री भांडी आदळली नाहीत.

दोन ऑगस्टला तिने पुरणाची दिंडं केली. आदल्या दिवशीची, नागपंचमीची उरलेली नव्हेत, ताजी, वर तुपाची धार. डबा नवऱ्याच्या हातात देत म्हणाली, "मॅडमला द्या. म्हनावं, बायकोच्या वाढदिवसाची हायेत." मग एकदम, "माजी बायको, ह्ये कसं म्हनत्यात त्येंच्यात?"

"माइने फ्राउ."

चपला घातलेल्या नवऱ्याला तिने उंबऱ्यातच अडवलं आणि ते त्याच्याकडून घोकून घेतलं.

"तारीख चुकली तर चुकू द्या," ती म्हणाली, "ह्ये चुकायचं न्हाई."