उसाला गेलेली पुस्तकं

मी फार बोलणारा माणूस नाही. गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा कार्यवाह म्हणून इतकी वर्षं काढली, ती बहुतेक मान हलवूनच. यंदा मात्र ग्रामसभेत बोललो, आणि जे बोललो ते आता लिहूनही टाकतो.

आमच्या पाथर्डी तालुक्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला जातात, त्या कारखाना बंद झाल्यावरच परततात. एकदा उसाच्या फडावरून आलेलं पुस्तक राखेनं काळं झालेलं होतं. तेव्हा मी ठरवून टाकलं: दसऱ्याला सगळी पुस्तकं जमा, टोळीबरोबर एकही जाणार नाही. असा नियम कुठं लिहिलेला नव्हता, तो माझाच. गाव रिकामं झालं की मी कुलूपही लावायचो. पुस्तकं कोरी राहतात याचा मला अभिमान वाटायचा.

यंदा अनुदानाला कात्री लागली. ग्रामसभेत आमचे तरुण सरपंच म्हणाले, "नाना, सहा महिने तिथं कुत्रं फिरकत नाही. ती खोली खताच्या दुकानाला भाड्यानं देऊन टाकू."

मागं बसलेली ऊसतोडीला जाणारी एक बाई बोलली, "कसं फिरकंल? मागच्या साली म्या पोरीसाठी पुस्तक मागितलं, तर नाना म्हन्ले, उसात पुस्तक कशाला, चूल पेटवायला?"

सभा हसली. मी तसंच म्हणालो होतो.

"खरंय ताई," मी उठलो. "सरपंच, वाचक नाहीत म्हणता, ते मीच हाकलले. मला काढा. वाचनालय बंद होणार नाही."

"पण चालवणार कशावर?"

"येईल तेवढ्यावर. नवी पुस्तकं आली नाहीत तर जुनी वाचू. रस्त्याचा निधी आला नाही म्हणून तुम्ही रस्ता भाड्यानं दिला का?"

निर्णय पुढच्या सभेवर गेला.

टोळी निघाली त्या सकाळी मी पुस्तकं घेऊन ट्रॅक्टरपाशी गेलो. भांड्यांच्या, अंथरुणांच्या मधे ती बसवली. मुकादम कुरकुरला, "नाना, ऊस तोडायचाय का शाळा भरवायचीय?"

"दोनी करू," ती बाई वरून म्हणाली. मग मला, "अन् फाटलं तर?"

"फाटू द्या."

वाचनालयाचं दार आता रोज उघडं असतं. मागं राहिलेली म्हातारी माणसं नातवंडांना घेऊन येतात. पोरं पेपर मोठ्यानं वाचतात, म्हातारे मधेच सरकारला शिव्या घालतात. ही माणसं दरवर्षी गावातच होती. बंद दारासमोर ओट्यावर बसायची. मला ती दिसायची, आणि तरी मी किल्ली खिशात घालून घरी जायचो.

परवा खताचा दुकानदार टेप घेऊन खोली मापायला आला. मी म्हटलं, "आत माणसं बसलीत. उठवायची तर तुम्ही उठवा."

कोपऱ्यातल्या आजोबांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय पायजे रं?"

तो टेप गुंडाळून गेला. पुढच्या सभेला आम्ही सगळे जाणार आहोत.