मंदारच्या रायफलीवरचा शिक्का

गूढ अनुभवांच्या या ग्रुपवर मी चार वर्षं नुसता वाचतोय. अनुभव वाचून झाला की मनातल्या मनात त्याला एक कारण चिकटवायचं – झोप अपुरी असेल, ताप असेल, वायरिंग खराब असेल – आणि पुढे जायचं. माझं वय बावन्न, नोकरी डेटाबेसची. जे लॉगमध्ये दिसत नाही ते घडलंच नाही, असं मानणारा माणूस. पण एका गोष्टीला गेले सात महिने मला कारण चिकटवता आलेलं नाही... आणि त्यात माझा एक गुन्हा आहे. तो सांगितल्याशिवाय बाकीचं सांगता येणार नाही.

मी अर्विंगला राहतो, डॅलसच्या शेजारी. मला जुन्या लष्करी बोल्ट-अ‍ॅक्शन (दर गोळीला हाताने खटका ओढायच्या) रायफलींचा नाद आहे. चालवण्याचा नाही. ग्रीज थापलेली, गंजलेली रायफल साफ करायची, तिच्यावरचे आकडे आणि शिक्के वाचायचे आणि ती कुठे बनली, कुठे दुरुस्त झाली ते ओळखायचं. व्हिसावर होतो तोवर रायफल बाळगायची सोय नव्हती. ग्रीन कार्डच्या रांगेत अकरा वर्षं गेली. तेवढी वर्षं पुस्तकं वाचली आणि हॅलच्या गॅरेजमध्ये हात मागे बांधून दुसऱ्यांच्या रायफली पाहिल्या. हॅल म्हणजे ऐंशीच्या घरातला निवृत्त मशिनिस्ट. दर शनिवारी दुपारी त्याच्याकडे आम्ही पाच-सात जण जमतो.

मंदारला तिथे मीच नेलं. नागपूरचा, माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. बायको इथेच जन्मलेली, त्यामुळे त्याचं ग्रीन कार्ड दीड वर्षात आलं. (हे मी किती वेळा मनात मोजलंय, विचारू नका.) मला दादा म्हणायचा. रायफलीच्या लाकडी दस्त्याला मला जवसाचं तेल चोळताना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाला, "दादा, आमच्याकडे जवसाची चटणी करतात. तुम्ही तर बंदुकीलाच जेवू घालता."

सगळं मी शिकवलं त्याला. पहिला नियम हा, की लाकडाला सँडपेपर लावायचा नाही. कधीच नाही. लाकूड चकचकीत होतं, पण शिक्के जातात, आणि शिक्के गेले की रायफल मुकी होते.

दोन वर्षांत तो माझ्या पुढे गेला. नजरच तशी होती त्याची. आधी काही अडलं की हॅल म्हणायचा, श्रीकांतला विचारा. मग म्हणायला लागला, मंदार येऊ दे. मी हसायचो. घरी येताना गाडीत पंचवीस मिनिटं तेवढं एकच वाक्य ऐकू यायचं.

ग्रीन कार्डानंतर सहा वर्षं शोधून मी पहिल्या महायुद्धातली एक ब्रिटिश रायफल मिळवली होती. तिचा दस्ता कुठल्यातरी जुन्या मालकाने घासून गुळगुळीत केलेला. जिथे शिक्का असायला हवा तिथे मी रोज अंगठा फिरवायचो. काहीच लागायचं नाही. आणि मंदार मुलीसाठी सायकल बघायला म्हणून एका घरातल्या जुन्या सामानाच्या विक्रीला गेला आणि तेच मॉडेल घेऊन आला. शिक्क्यासकट. वर्तुळ, त्यात बाण, खाली तीन अक्षरं. घड्याळात चार वाजतात त्या जागी कसलातरी ठोका बसून वर्तुळ तुटलेलं, तांदळाच्या दाण्याएवढी खोच. हॅलने भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि सगळ्यांना हाका मारून बोलावलं. मीसुद्धा पाहिलं. म्हटलं, छान आहे.

महिन्याभरात मंदारची आई घरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. तो तीन आठवड्यांसाठी नागपूरला निघाला. जाताना रायफल माझ्याकडे ठेवली. म्हणाला, "लाकूड फार कोरडं झालंय, दादा. तुम्हीच तेल लावा. दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही मी."

रविवारी दुपारी माझी बायको महाराष्ट्र मंडळाच्या तालमीला गेली होती. मी सँडपेपर घेतला. दहा मिनिटं लागली. शेवटी वर्तुळाची फक्त एक कड उरली होती. तिथे थांबता आलं असतं. थांबलो नाही.

तो परत आल्यावर सांगितलं, लाकडाने ओल धरली होती, तेल लावताना वरचा थरच सुटून आला. त्याने त्या जागेवरून अंगठा फिरवला. माझ्यासारखाच. मग म्हणाला, "जाऊ द्या, दादा. लाकूडच आहे." आणि आईच्या ऑपरेशनबद्दल बोलायला लागला.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात माझ्या रायफलीला तेल लावताना बोटाला खरखर लागली. आधी एक पुसट कमान. पुढच्या शनिवारी अर्धं वर्तुळ. मग बाण. मी स्वतःला समजावलं, शिक्का लाकडात खोल दाबलेला असतो, वरून घासला तरी तेलाने कधी कधी पुसटसा दिसू शकतो. हे खरंच आहे. पण पाचव्या आठवड्यात चार वाजायच्या जागी खोच आली. तांदळाच्या दाण्याएवढी.

शिक्का दोन रायफलींवर सारखा असू शकतो. लागलेला ठोका कसा असेल? मंदारने कधीतरी पाठवलेला फोटो काढून पाहिला. तोच. माझ्या रायफलीचे जुने फोटो काढले. सगळ्यांत गुळगुळीत लाकूड.

शनिवारी हॅलकडे नेली. मनात होतं, तो हसेल, म्हणेल कोणीतरी कोरलंय. त्याने भिंग लावलं, टाचणीने शिक्क्याच्या कडेचा मळ तपासला आणि म्हणाला की हा शंभर वर्षांचा मळ आहे, इतके दिवस तुझ्या नजरेतून सुटलाच कसा? माझी पाठ थोपटली. दोन वर्षं मी त्या थापेची वाट पाहत होतो.

मंदार शेजारीच होता. त्याने वाकून पाहिलं, खोचेवर नख ठेवलं आणि बाहेर गेला. मी मागोमाग ड्राइव्हवेवर गेलो आणि सगळं सांगितलं. सँडपेपर, ती कड, सगळं.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "स्क्रूच्या खाचेत लाकडाचा भुसा अडकला होता. तुम्हीच शिकवलंत ना, आधी स्क्रू बघायचे."

मी म्हटलं, हा दस्ता तू घे. तुझाच आहे.

"नको. माझा तुम्ही घासलात. हा तुमचा." गाडीचं दार उघडून तो थांबला. "नकोच असेल तर हाही घासून टाका. तुम्हाला येतं ते."

दुसऱ्या दिवशी सँडपेपर घेऊन मी खरंच बसलो होतो. हात चालला नाही.

मंदार अजून येतो. नीट बोलतो, मला श्रीकांतसर म्हणतो. कोणी नवीन आलं की हॅल मला माझी रायफल दाखवायला सांगतो, आणि मी ती दाखवत असताना मंदार दुसऱ्या टेबलाशी काहीतरी पुसत असतो.

कोणाला कारण सुचलं तर जरूर लिहा. तेल, हवामान, लाकडाची जात, काहीही चालेल. फक्त खोचेचं कारणही त्यात असू द्या.