जखमेवरची साय

मी नवऱ्याच्या पायावरच्या जंतूंची राखण केली. बिनपगारी, मन लावून, जवळजवळ महिनाभर. त्यांना धक्का लागू नये, कुणाचं बोट लागू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसले. तेव्हाची मी आज समोर आली तर तिला पाट देईन, चहा देईन आणि मग विचारीन, "बाई गं, एवढं शहाणपण आणलंस कुठून?"

कुठून ते मला ठाऊक आहे म्हणा.

ह्यांना साखर जुनी. नवी चप्पल चावली, अंगठ्याशी जखम झाली, पण ह्यांच्या पायांना कधीचंच काही कळेनासं झालेलं. लादीवर डाग दिसला तेव्हा मला कळलं. पनवेलच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, "रोज सलाईनने धुवायचं आणि वर जो बुळबुळीत थर येईल तो गॉजने घासून काढायचा. रक्ताचा थेंब दिसला तरी घाबरायचं नाही." मी मान हलवली. मान हलवण्यात मी पहिल्यापासून हुशार.

माझं माहेर गव्हाणकडचं, मिठागरवाल्यांचं. आमच्याकडे पोराला नीट बोलता येण्याआधी एक गोष्ट शिकवायचे. वाफ्यातल्या पाण्यावर मिठाची पहिली पातळ साय धरली की तिला शिवायचं नाही. मी एकदा गंमत म्हणून तिच्यावर खडा टाकला होता. बाबांनी पाठीत धपाटा घातला. "नाय शिवायचा त्याला! धरू दे आदी!" मी असं भोकाड पसरलं की पलीकडच्या बांधावरची माणसं धावत आली, त्यांना वाटलं पोरीला साप चावला.

तर ह्यांच्या जखमेवर पातळ, चकचकीत, पिवळसर साय दिसली तेव्हा मला भरूनच आलं. धरलं! मीठ धरतं तशी कातडी धरायला लागली. मग कसलं घासणं? मी कापूस ओला करून कडेकडेने टिपायची, मधे हात नाही.

"अहो, धरलं बरं का."

"बरं," हे म्हणायचे.

शेजारणीला बोलावून दाखवलं. तिने लांबूनच हात जोडले. मला वाटलं, माझ्या सेवेला जोडले. वासाला जोडले असणार.

माझी नात, मुलीची मुलगी, खारघरला कॉलेजात जंतूंवरच शिकते. रविवारी जेवायला आली तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात पट्टी सोडली. ती वाकली आणि तिचा चेहराच उतरला.

"आजी, हा थर कधीपासून आहे?"

"बरेच दिवस झाले. मी मोडू दिला नाही!"

"आजी, ही कातडी नाहीये. बायोफिल्म आहे. जंतूंनी अंगावर चिकट पांघरूण घेतलंय. वरून औषध घातलं तरी खाली पोचत नाही. रात्रीच्या भांड्यांच्या टबात हात घातल्यावर बुळबुळ लागते ना, तीच जात."

टबाची बुळबुळ मी रोज सकाळी नाक मुरडून घासत होते आणि नवऱ्याची जपत होते.

मग तिने आपलं काम सांगितलं. त्यांच्याकडे एक नळी आहे. तिच्यातून वायू सोडतात, विजेचा दाब देतात आणि टोकातून जांभळी ज्योत येते. कोल्ड प्लाझ्मा. ज्योत असून गार. असल्या चिकट थरावर धरली की थर फाटतो, जंतू मरतात.

"मग उद्या पिशवीत घालून आण की."

"ते काचेच्या ताटल्यांवर चालतं, आजी. माणसांवर नाही."

"म्हणजे तुझ्या आजोबांची किंमत ताटलीहून कमी?"

ती हसली नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या प्रयोगशाळेत घरच्या माणसांना बोलावलं होतं. तोवर मी रोज घासत होते, पण थर परत यायचा. मी ह्यांना रिक्षात घातलं. निघण्याआधी पट्टी सैल केली आणि वरून ढगळा मोजा चढवला. बेत असा, की पोरगी ज्योत दाखवील तेव्हा हळूच पाय पुढे करायचा. हे विचारत होते, "मला कशाला? मला काय कळतं त्यातलं?" मी म्हटलं, "नातीचं कौतुक नको का?"

ज्योत खरंच होती. बोटभर, जांभळी, जास्वंदीच्या कळीसारखी. नातीने स्वतःचं बोट त्यातून फिरवून दाखवलं. खाली ताटलीत एक थर वाढवला होता, अगदी आमच्यासारखाच. मी टेबलाखाली ह्यांचा मोजा ओढायला लागले.

"आजी, मोजा वर घे."

"अगं, एकदाच. कोण बघतंय?"

"मी बघतेय." तिने बटण बंद केलं. "आमच्या या नळीचा दाब माणसाच्या उघड्या जखमेवर किती चालेल, कुणी तपासलेलं नाही. आणि एकदा देऊन सगळे मरत नाहीत गं, तळाचे उरतात, परत पांघरूण घेतात. मला द्यावंसं वाटत नसेल का? रोज दिवसभर मी हेच करते, आणि आजोबांना..." हे तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले, एका पायात मोजा अर्धा. मी हात मांडीवर ठेवले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

डॉक्टरांनाही विचारून पाहिलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, काही ठिकाणी जखमांसाठी अशी यंत्रं वापरतात, पण आपल्या जवळपास नाही. आणि एक्सरे उजेडात धरून म्हणाले, "आता थरावरच थांबलेलं नाही, आजी. हाडात गेलंय. तिथे ज्योत पोचत नाही. अंगठा काढू, म्हणजे पाऊल वाचेल."

मी परत मान हलवली.

अंगठा गेला. पाऊल राहिलं. दवाखान्यात ह्यांना शुद्ध आली, थोडं पाणी प्याले, तेव्हा मी खाटेच्या दांड्याला धरून सगळं सांगितलं. घासायला सांगितलं होतं, मी घासलं नाही, मिठागराची अक्कल चालवली. बोलताना मला हुंदका आवरेना. बाजूच्या खाटेवरचा माणूस तोंड फिरवून झोपेचं सोंग करत होता. हे म्हणाले,

"डॉक्टर सांगत होते तेव्हा मी पण तिथेच बसलो होतो की. तू घासत नाहीस, ते मला रोज दिसत होतं. पण 'धरलं, धरलं' म्हणून तू एवढी खूश व्हायचीस, की माझ्याच्याने बोलवेना. आता दुसऱ्या पायाला काही झालं, तर माझ्या तोंडाकडे बघू नकोस. घास."