लीलापेक्षा मोठी पेटी

लीलाचं कौतुक मला सांगू नका. जन्मभर तिच्या भिंतीला भिंत लावून राहिलेय मी. लीला हुशार, लीला हसतमुख, लीलाच्या हाताला चव. ऐकून ऐकून माझे कान किटले. पण माझ्या जावेबद्दल विचारायलाच आलात तर बसा, खरं तेवढं सांगते.

मी सोनपेठची, ती हैदराबादची, मॅट्रिक झालेली. आमचे हे, विष्णुपंत, परभणीत मास्तर. धाकटे दीर उद्धवभावजी कचेरीत कारकून. मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात गेला होता, तेव्हाची गोष्ट. एका घरात आमची दोन बिऱ्हाडं. विजेची तार आधी लीलाकडं यायची अन् तिथून भिंतीतून माझ्याकडं. बघा, वीजसुद्धा आधी तिला!

दिवेलागण झाली की गावभर दिवे लागायचे अन् आमच्या गल्लीच्या टोकाला वीज पार मरगळून यायची. दिवा निखाऱ्यागत लाल, पंख्याची पाती मोजून घ्या. लीलाकडं मात्र सगळं ठाकठीक. तिनं दत्तरावच्या दुकानातून व्होल्टेजची पेटी आणलेली. वीज कमी झाली की खटका फिरवायचा अन् वरचा काटा खुणेवर आणायचा. रेडिओ पन्नास वॅटचा, पंखा सत्तरचा, दिवा चाळीसचा, झाले एकशेसाठ. पंखा सुरू होताना जास्ती ओढतो, म्हणून वर थोडी मोकळीक धरून दोनशेची पेटी. हे तिनंच मला ऐकवलं. विचारलं कुणी होतं?

आमचे हे शाळेतून आले की चहा माझ्याकडं प्यायचे अन् बातम्यांना तिकडं. आमच्यात धाकट्या सुनेनं थोरल्या दिरासमोर तोंड उघडायची रीत नाही. ही बाई पदर खोचून समोर बसायची अन् बातम्यांवर वाद घालायची! माझ्याशी ‘हूं’च्या पुढं न जाणारा माणूस तिथं खदाखदा हसायचा. वाईट काही नव्हतं हो, भावजी तिथंच असायचे. पण माझा जीव जळायचा. माझ्या नवऱ्यानं संध्याकाळचं माझ्या घरात बसावं, एवढंच मला पाहिजे होतं.

रेडिओसाठी जातात ना, मग रेडिओच आणू. दिवाळीला लुगडं नको म्हटलं, मी रुसले, अन् रेडिओ घ्यायला लावला. तर तो मेला दिवेलागणीला मुका! मग मी स्वतःच दत्तरावचं दुकान गाठलं.

“वहिनी, घरात काय काय चालवता?” त्यानं विचारलं.

आता आपल्या घरात काय आहे ते भर बाजारात मोजून दाखवायचं? दृष्ट लागायला? माझ्या माहेरी गोठ्यात दुभती जनावरं किती, तेसुद्धा कुणी बाहेर बोलत नाही. मी म्हटलं, “ते तुमाला कशाला? लीलाची केवढी आहे, तिच्याहून मोठी द्या.”

“त्यांची दोनशेची हाय. तुमाला बी तेवढी लय झाली.”

“पाचशेची नाही का?”

“हाय की. पण एवढी मोठी कशाला—”

“तीच द्या. जास्ती बोलू नका.”

हमालाच्या डोक्यावर पेटी दारात आली तेव्हा लीला बघतच राहिली. “वहिनी, केवढी मोठी! काय लावणार हिच्यावर?”

“बघशील,” मी म्हटलं.

संध्याकाळी मी नवा मोठा दिवा लावला, पंखा लावला, शेजारणीची लहान इस्त्री मागून आणली होती, तीही लावली. खटका फिरवून काटा खुणेवर आणला अन् मग रेडिओ लावला. अहाहा! हे खुर्चीत टेकले. “आवाज छान आहे गं,” म्हणाले. आपणहून बोलले! मी यांच्या सदऱ्यावरून इस्त्री फिरवत राहिले.

तेवढ्यात लीलाचा रेडिओ घोगरला अन् गप्पच झाला. एका बारीक तारेवर आमी दोघी. मी एवढं ओढल्यावर तिच्यासाठी उरणार काय? तिनं तिचा खटका शेवटपर्यंत फिरवला तरी काटा वर येईना. खोटं कशाला बोलू, साखर वाटावी इतका आनंद झाला मला.

“लीलाकडं काय झालं बघतो,” म्हणत हे उठले.

“बसा हो, भावजी बघतील की.”

पण गेलेच. अन् परत आले ते दोघांना घेऊन. लीलानं माझ्या पेटीवरचा आकडा वाचला अन् टाळीच वाजवली. “दादा, पाचशेची आहे ही! दोन रेडिओ, दोन पंखे, चाळीसचे चार दिवे, मिळून चारशे. इस्त्री तेवढी या वेळेला नको. तार घरात येते तिथंच पेटी बसवली तर दोन्ही बिऱ्हाडांचं भागतं, वर शंभराची मोकळीक.”

तार कुठं येते? तिच्याकडं!

“वहिनींनी दोन्ही घरांचा विचार करून आणली,” भावजी म्हणाले.

मी तोंड उघडणार, तोच हे माझ्याकडं बघून म्हणाले, “तुझं मन एवढं मोठं आहे, मला माहीत नव्हतं.” लग्न झाल्यापासून यांनी माझं असं कौतुक कधी केलं नव्हतं. आता कुठल्या तोंडानं नाही म्हणू, सांगा तुमी? दोघा भावांनी पेटी उचलली अन् तिकडं नेली.

माझा रेडिओ त्यानंतर खणखणीत वाजायला लागला. पण वीज सारखी कमी-जास्त व्हायची, खटका फिरवायला पेटीजवळ कुणीतरी बसायलाच लागायचं. लीला एकटी किती वेळ बसणार, अन् उद्धवभावजींना त्यातलं कळत नाही, म्हणून ते काम यांनी घेतलं. रोज दिवेलागणीला पायात वहाणा सरकवायचे अन् मला म्हणायचे, “तुझीच पेटी सांभाळायला चाललोय.”